‘अमूर्त’ म्हणजे न कळलेले नव्हे

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत चित्रप्रदर्शनांच्या आणि लिलावांच्या बातम्या आवर्जून येतात, याचा आनंद आहे. मात्र त्यांत ‘अमूर्त’ हे विशेषण इतक्या सढळ हाताने, अगदी ओळखू येणारे आकार असलेल्या चित्रांनाही, लावले जाते की त्याविषयी लिहिणे भाग पडले. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांनी रंगवलेल्या चेहऱ्याचे डोळे कपाळावर चढलेले असले, तरी तो चेहराच असतो. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रातले पान किंवा घड्याळ तर शाळकरी मुलालाही ओळखता येते; त्या वस्तूंचे एकमेकींशी नाते काय, हा कोड्याचा भाग वेगळा.

डच चित्रकार मोंद्रियानने 1911-12च्या सुमारास झाडे रंगवताना त्यांचे ओळखीचे तपशील गाळत गाळत फांद्यांच्या रेषांचे जाळे तेवढे ठेवले. तेथे ‘अमूर्तीकरण’ हा शब्द चपखल बसतो, कारण आरंभी झाड होते. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या प्रगल्भ काळातील चित्रांमागे असे झाड शोधू नये. ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ (म्हणजे आपले ‘अमूर्त’) हे लेबल त्यांनी स्वतःच नाकारले होते. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कोणत्याही वस्तूचे चित्रण नसलेले, हा शब्द त्यांना मान्य होता. योगायोग असा की, 2014 साली न्यूयॉर्कच्या ज्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, ते 1939 साली ‘म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’ याच नावाने सुरू झाले होते.

मराठी विश्वकोशाने या कलेची नोंद ‘अप्रतिरूप कला’ अशी केली आहे आणि तो शब्द मला अधिक नेमका वाटतो. गायतोंडे रोलरने रंगाचे थर देत, पॅलेट नाइफने (रंगकामाच्या बोथट सुरीने) ते खरवडत, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे दाबून उचलत; एवढे सारे कॅनव्हासवर डोळ्यांना दिसत असताना त्या चित्राला मूर्त नाही तरी कसे म्हणावे? त्यात नसते ते कशाचे तरी प्रतिरूप. शिवाय ‘अमूर्त’ म्हटले की आपल्या समीक्षकांची लेखणी लगेच निर्गुण-निराकाराकडे वळते आणि रंगाविषयी एक वाक्यही न लिहिता परीक्षण संपते.

‘अमूर्त’ आता रुळला आहे, तो हद्दपार करा असा माझा आग्रह नाही. परीक्षणात चित्र कसे घडवले आहे ते आधी यावे आणि छायाचित्राखाली माध्यम, आकार व वर्ष छापावे, एवढीच विनंती. लिलावातली किंमत तेवढी आजही न चुकता छापली जाते.

आपला,
एक वाचक, डोंबिवली