रात्री भुताच्या गोष्टी का वाचते

सोलापूर,
6 जानेवारी

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, रविवारच्या फोनपासून तुझं एक वाक्य मनातून जात नाही. "दिवसभर कारखान्यात राबतेस, घरी सासूबाईंचं बघतेस आणि निजायच्या वेळी भुताखेतांचं वाचतेस. अशानं जिवाला स्वस्थता कशी मिळायची?" मी नुसतं "बरं" म्हणाले आणि विषय बदलला. कुकर लावायचा होता आणि छकुली गणिताची वही घेऊन उभी होती. पण तू काळजीनं विचारलंस, म्हणजे नीट उत्तर द्यायला हवं. बाबाही शेजारी बसून ऐकत असणार. या सवयीत त्यांचा वाटा मोठा आहे, म्हणून पत्र दोघांना लिहितेय.

माझा दिवस तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत शिरलं की मागांचा खडखडाट सुरू होतो. कुठल्या लॉटच्या रंगाचा शेड जुळला नाही, कुठल्या मागावर ताण्याचे उभे धागे तुटले, पॅकिंगला कोण आलं नाही, कंटेनर कधी भरायचा, सगळं मला विचारतात. घरी आलं की सासूबाईंच्या गोळ्या, त्यांनी किती पाणी प्यायलं त्याचा हिशेब, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. हातापायांचा थकवा झोपेनं जातो. सतत कुणाला तरी उत्तर देत राहण्याचा, काहीतरी ठरवत राहण्याचा थकवा मात्र झोपेतही उतरत नाही. टीव्ही लावावा तर तिथे माणसं भांडत असतात. फोन उघडावा तर कारखान्याच्या ग्रुपवर चार निरोप आलेले असतात. पुस्तक उघडलं की मला कुणी काही विचारत नाही.

आणि वेळ कुठून मिळतो, तर पाण्याच्या रात्री. तुम्ही होतात तेव्हासारखंच, पाणी अजूनही चार-पाच दिवसांनीच येतं. रात्रीची पाळी असली की कुणीतरी जागं राहावं लागतं, ती मी राहते. नळ आधी नुसती हवा सोडतो, म्हाताऱ्या माणसाला ठसका लागावा तसा. मग गढूळ धार येते, मग चांगलं पाणी. आधी प्यायचं भरायचं, मग हौद, मग ड्रम, शेवटी मोटर लावून गच्चीवरची टाकी. हौद भरेपर्यंत मी पायरीवर बसते आणि एक कथा वाचते. एकच. कादंबरी आता धरवत नाही. चार दिवसांनी पुन्हा उघडली की कोण कुणाचा कोण ते आठवत नाही. कथा बसल्या जागी संपते, आणि संपणं हीच मला तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

ते कसं, ते सांगते. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंचं पोटॅशियम वाढलं होतं. फोनवर मी तुम्हाला थोडक्यात सांगितलं होतं, सगळं नाही. त्यांना रात्री ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, सकाळपर्यंत लक्ष ठेवावं लागेल. ह्यांना मी छकुलीपाशी घरी पाठवलं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. काय करावं, कुणाला विचारावं, काही सुचेना. पर्समध्ये रत्नाकर मतकरींचा गूढकथांचा संग्रह होता. तो उघडला आणि एक कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वाचताना छातीत धडधडत होतं, पण ती धडधड मला कळत होती. तिला कारण होतं आणि तिला पुढचं पान होतं. शेवटची ओळ आली तसं अंग सैल झालं. उठून पाणी प्यायले आणि सिस्टरांकडे जाऊन विचारलं, आता कुठलं इंजेक्शन दिलंत, पुन्हा रक्त कधी तपासणार? त्याआधी इतका वेळ मला एवढंही विचारायचं भान नव्हतं.

आई, तुला वाटतं की आधीच काळजी एवढी, त्यात मी आणखी भीती घरात आणते. मला वाटतं, भीती माझ्याकडे आधीपासून आहे. सासूबाईंची, घराच्या हप्त्यांची, छकुलीची, बाबांच्या डोळ्यांची. या भीतीला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते दिसत नाही. ती दिवसभर थोडी थोडी अंगात मुरत राहते. कथेतली भीती तिला थोडा वेळ एका जागी बोलावून घेते. वाड्याचं दार, जिन्यावरचं पाऊल, बंद खोलीतला वास. मी पूर्ण घाबरते आणि मग ते संपतं. सासूबाईंच्या आजारपणात मूत्रपिंडाबद्दल वाचताना कळलं, की त्याच्याच वर दोन छोट्या ग्रंथी असतात आणि आपण घाबरलो की त्या अ‍ॅड्रेनलिन सोडतात. नाडी जलद होते, श्वास वाढतो, शरीर पळायला तयार होतं. धोका खरा नाही हे मनाला ठाऊक असलं की हे सगळं हळूहळू खाली येतं आणि त्यानंतर हात-पाय मोकळे होतात. मी त्या मोकळेपणासाठी वाचते. हौद भरल्यावर अंथरुणाला पाठ टेकते तेव्हा झोप लागते, खरंच लागते.

सगळ्याच भयकथा मला आवडतात असं नाही. नुसतं रक्त सांडणाऱ्या मी चार पानांत मिटते. आणि काही जुन्या कथांत बाई आली की ती एकतर हडळ असते नाहीतर बळी, तिला स्वतःचं मन म्हणून नसतंच. त्या आता माझ्याच्यानं वाचवत नाहीत, मग लिहिणारा कितीही मोठा असो. मतकरींकडे मी पुन्हा पुन्हा जाते, कारण त्यांच्याकडे भूत बहुतेक वेळा माणसाच्या मनातूनच निघतं. हाव, हेवा, एकटेपणा, लहान मुलाचा राग. त्यांनी सुमारे वीस वर्षं बँकेत नोकरी केली आणि ती करता करताच नाटकं आणि कथा लिहिल्या. हे कळलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. दिवसभर लोकांचे आकडे सांभाळणारा माणूस संध्याकाळी असं काही लिहीत होता!

नारायण धारपही भयकथाच लिहायचे, पण ते वेगळे. त्यांच्याकडे वाईट शक्ती खरोखरच बाहेर असते, दाराशी येते. पण त्यांची भाषा बघ, अगदी साधी. कुणीतरी गावी घर घेतो, कुणाला वारशात वाडा मिळतो, सामान लागतं, शेजारी चौकशी करून जातात. सगळं इतकं ओळखीचं असतं की पहिली विचित्र गोष्ट घडते तेव्हा ती आपल्याच घरात घडल्यागत वाटतं. आणि त्या वाईट शक्तींशी लढणारा त्यांचा नायक, समर्थ, आला की धीर येतो. समर्थांच्या कथा तुलाही आवडतील, आई. त्यांत अंधार आहे, पण त्या अंधारापुढे ठाम उभा राहणारा माणूसही आहे. तू म्हणतेस तसा हरिपाठही मी वाचते, एकादशीला तर नक्की. एकानं दुसऱ्याची जागा अडत नाही.

आता विज्ञानकथा. बाबा, इथून पुढचं जास्त तुमच्यासाठी.

तुम्ही रद्दीतून 'नवल'चे जुने अंक आणायचात आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ते मला आठवतं. भयकथा मी दमलेल्या रात्री वाचते, पण दिवस लहान-लहान कटकटींनी भरलेला असला तर मला विज्ञानकथाच लागते. शेडवरून वाद, गेटपासवरून वाद, कुणी कुणाला काय बोललं. अशा दिवशी जग एमआयडीसीच्या कुंपणाएवढंच उरतं. मग जयंत नारळीकर वाचावेत. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी टोपणनावानं कथा पाठवली होती, नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतली. केंब्रिजला नाव कमावलेला शास्त्रज्ञ, पण कथा तिच्या गुणांवर निवडली जावी म्हणून एवढी खटपट! तिला पहिलं बक्षीस मिळालं. 20 मे 2025 ला ते गेले, त्या रात्री मी दुसरं काही वाचलं नाही.

ती कथा कृष्णविवराची होती. प्रचंड वस्तुमानाजवळ घड्याळ हळू चालतं, ही कल्पना मला पहिल्यांदा त्यांच्याच लेखनातून समजली. आणि ती रोज माझ्या कामात आहे, बाबा! आमचे ट्रक मुंबईच्या वाटेवर कुठवर पोचले ते फोनच्या नकाशावर दिसतं. तो नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो त्यांतली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढा फरक सुधारून घेतला नाही तर ट्रकची जागा काही किलोमीटरनी चुकायला लागेल. हे कळल्यावर डिस्पॅचच्या टेबलावर बसून मी किती वेळ त्या स्क्रीनकडे बघत होते.

दुसरी गोष्ट तर तुमचीच आहे. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाची कार्डं पंच करायला तुम्ही बसायचात, ग्राफच्या कागदावर मोराची नक्षी, एकेक चौकोन बघत. भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जाणार, नसेल तिथे खाली राहणार. जोसेफ जेकार्डनं फ्रान्समधल्या लियाँ शहरात हा माग केला तो 1804 च्या सुमारास. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आकडेमोड करणारं यंत्र कल्पिलं, तेव्हा त्याला हुकूम द्यायला हीच भोकांची कार्डं घेतली. एडा लव्हलेसनं 1843 मध्ये लिहून ठेवलं, की जेकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणतं. संगणकाचा उगम शोधत गेलं की वाटेत चादरीचा कारखाना लागतो. आता आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आहे, नक्षी फाइलमधून येते, कार्डांच्या माळा कुठे दिसत नाहीत. पण यंत्रांच्या कथा वाचताना मला नेहमी तुमचा पंचिंगचा आवाज ऐकू येतो. पुढे यंत्रं माणसाचं काय करतील, हा प्रश्न लोकांना आता नवा वाटतो. आपल्या गल्लीत तो गिरण्या बंद पडल्या तेव्हापासून आहे. म्हणून रोबोच्या कथेत कामावरून गेलेल्या माणसाच्या घरचं कुणी लिहिलं नसेल तर मला ती कथा अपुरी वाटते.

गच्चीवरची टाकी भरताना हल्ली दक्षिणेला व्याधाचा तारा तेजस्वी दिसतो. तो साधारण 8.6 प्रकाशवर्षं लांब आहे. आज दिसणारा त्याचा प्रकाश तिकडून निघाला तेव्हा छकुली तान्ही होती आणि बाबा चष्म्याशिवाय पेपर वाचत होते. मी छकुलीला हे सांगितलं, तर तिनं विचारलं, आत्ताचा प्रकाश इथे पोचेल तेव्हा मी कितवीत असेन? आम्ही दोघींनी बोटांवर मोजलं. त्या रात्री मोटर बंद करायला जरा उशीर झाला.

आता मुख्य काम. बाबा, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तेव्हा बारीक अक्षर वाचायचा हट्ट नको आणि थेंब एकही वेळ चुकवायचे नाहीत. वाचायचं मी बघते. पाण्याच्या रात्री मी जी कथा वाचते ती आता मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करायला लागलेय. मागे नळाचा आणि मोटरीचा आवाज येतो, तो चालवून घ्या. पहिली धारपांची आहे, दुसरी नारळीकरांची. दादाला सांगा, फोनमध्ये जागा करून ठेव. फाइली मोठ्या आहेत.

आई, तुला रात्रीची भीती वाटते तर दुपारी चहानंतर लावा. आणि तूही बस. नारळीकरांपासून सुरुवात कर, त्यात भूत नाही. दहा मिनिटं ऐकून नको वाटलं तर उठ, मला राग येणार नाही. पण न ऐकता नाही म्हणू नकोस.

बदल्यात बाबांकडून मला एक हवंय. तिसऱ्या पाळीहून परतताना कंबर तलावाजवळ तुम्हाला कुणीतरी विडीसाठी काडी मागितली होती, ती गोष्ट तुम्ही आम्हाला गच्चीवर सांगायचात. दर वेळी शेवट थोडा बदलायचा. ती दादाच्या पोराला फोन धरायला सांगून पूर्ण सांगा आणि मला पाठवा. छकुलीला ती तुमच्या आवाजात ऐकायचीय. मी सांगितली तर ती म्हणाली, आजोबांसारखी नाही झाली.

आमच्याकडचे एक जण शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर शेंगाचटणी, कडक भाकरी आणि एक जाड चादर देतेय. चटणीत तिखट कमी घातलंय, बाबांच्या पोटासाठी. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा पुढच्या आठवड्यात भरेल. सासूबाईंचा डायलिसिसचा वार सोडून छकुलीला नंदीध्वज दाखवायला नेईन आणि फोटो पाठवीन. पुढची कथा भुताची हवी की तारकांची, ते दोघांनी मिळून ठरवून कळवा.

तुमची,
लेक