सर्पमित्र काकांना, कॅरीहून (नॉर्थ कॅरोलिना, अमेरिका)

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता. तिकडे थंडी किती, पोरीची परीक्षा कधी, असं काहीतरी विचारता आणि मूळ मुद्दा राहून जातो. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, म्हणजे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. आणखीही एक कारण आहे. आपल्या रविवारच्या मराठी शाळेतल्या काही घरांत आता कॉर्न स्नेक, म्हणजे पाळता येणारे बिनविषारी साप, आलेत. त्यांचे आईबाप मला गाठून प्रश्न विचारतात आणि मी मोठ्या जाणकारीच्या आविर्भावात उत्तरं देतो. ती उत्तरं मुळात कोणाची, हे एकदा लिहून ठेवायला हवं होतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या मुलीने शिक्षण संपवून दुसऱ्या राज्यात निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून मक्याला, म्हणजे आमच्या कॉर्न स्नेकला, घरी आणलं. "नर आहे, दोन वर्षांचा होत आलाय, स्वभावाने गरीब." यातलं पहिलं खोटं निघालं, बाकी दोन खरी. सापाचं लिंग वरून बघून ठरत नाही. नुसत्या शेपटीच्या लांबीवरून तर्क लढवला की फसायला होतं. जाणकार माणूस बारीक सळईने तपासतो तेव्हाच खात्री पटते. तसं कोणी तपासलेलं नव्हतं. शिवाय तो मुलगा गेल्या हिवाळ्यापर्यंत दोन साप एकाच पेटीत ठेवत होता, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

इथे नॉर्थ कॅरोलिनात हा साप परका नाही. पाइनच्या रानांत, शेताच्या कडेला, जुन्या कोठारांत तो उंदरांच्या मागावर फिरतो. बिनविषारी आहे. केशरी अंगावर काळ्या काठाचे लाल डाग असतात, आणि ते बघून लोक त्याला विषारी कॉपरहेड समजून फावड्याने मारतात. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपल्याकडे धामणीचं तेच होतं." आणि मग त्या विषयावर बराच वेळ बोललात, चहा गार झाला तरी.

एप्रिलमध्ये मक्याने उंदीर खाणं सोडलं. (पितळेच्या डब्यात मूग-मटकी ठेवणाऱ्या घरात गोठवलेले उंदीर कुठे ठेवायचे, यावर आमच्याकडे जो तह झाला तो गॅरेजमधल्या वेगळ्या छोट्या फ्रीजरवर. ती कथा पुन्हा कधीतरी.) हळूहळू अंगाचा मागचा तिसरा भाग फुगायला लागला. मुलगी म्हणाली बद्धकोष्ठ, मी मनात गाठ-बिठ म्हणालो, पुण्याहून आईने फोनवर दूध ठेवायला सांगितलं. रात्रभर पेटीत इकडून तिकडे सरपटण्याचा आवाज यायचा. शाळेत तुमच्या नातवाने ही हकिगत ऐकली आणि म्हणाला, आजोबांना दाखवा, ते साप पकडायचे.

तुम्ही आलात तो शनिवार मला नीट आठवतो, कारण बराच वेळ तुम्ही काहीच केलं नाहीत. खुर्ची ओढून पेटीसमोर बसलात आणि बघत राहिलात. वीज मंडळातली नोकरी सांभाळून सांगली-शिराळ्याच्या पट्ट्यात इतकी वर्षं घराघरांतून साप सोडवणारा माणूस झाकण उघडायची घाई करेल असं आम्हाला वाटलं होतं. तुम्ही विचारलंत ते एवढंच: खाणं कधी बंद झालं, कात कधी टाकली, पाणी पितोय का, पेटीच्या गरम बाजूला जास्त बसतोय का. मग हात धुऊन त्याला बोटांवरून सावकाश पुढे सरकू दिलंत, दाबलं मात्र नाही. म्हणालात, "जपमाळेचे मणी लागतायत. हा बाप्या नाही. बाई आहे, आणि गाभण आहे."

त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मी मराठी शाळेतल्या प्रत्येक पालकाला सांगतो. "ही जात मी आयुष्यात हाताळलेली नाही. धामणीचं, नागाचं, घोणसाचं मला कळतं. इथलं मी वाचून सांगेन, आणि जिथे वाचूनही कळणार नाही तिथे डॉक्टर." पुढच्या आठवड्यात लायब्ररीतली पुस्तकं घेऊन, चश्मा सावरत, तुम्ही माझ्या मुलीसोबत टेबलाशी बसलात. इंग्रजी वाक्य ती वाचायची, अर्थ तुम्ही लावायचात. कुठल्या सापाची मादी अंड्यांपाशी थांबते आणि कुठली निघून जाते, घोणस पिल्लंच का घालते, हे सगळं ती तुमच्याकडून शिकली. नागीण अंड्यांची राखण करते, पण कॉर्न स्नेक घालून झाली की पुन्हा वळून बघत नाही, हे कळल्यावर तिला जरा राग आला होता. तुम्ही तिची समजूत काढली नाहीत. "सापाला आपला स्वभाव लावू नकोस," एवढंच म्हणालात.

पुस्तकात पहिलीच गोष्ट काळजीची निघाली. पाळणारे लोक मादीला तीन वर्षं, तीन फूट आणि तीनशे ग्रॅम झाल्याशिवाय नराजवळ सोडत नाहीत. आमची मक्या (नाव बदलायला मुलीने साफ नकार दिला) जेमतेम दोन वर्षांची, तीन फुटांना कमी, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर २३० ग्रॅम. एवढ्या अंगात अंडी वाढवायची तर हाडामांसातलं कॅल्शियम ओढलं जातं, ताकद संपते, आणि अंडं आत अडकायचा धोका वाढतो. माद्या नराचं बीज महिनोन् महिने शरीरात राखून ठेवू शकतात, म्हणून नर समोर नसतानाही हे घडलं. नर कधीच भेटला नसता तरी ती अंडी घालू शकली असती, फक्त बहुतेक सगळी वांझ.

आता जे झालं ते झालं, असं म्हणून तुम्ही कामाला लागलात. मोठा उंदीर बंद. घेतला तर अगदी छोटा, कॅल्शियमची पूड लावून, आणि नाही घेतला तर आग्रह नाही. पेटीची एक बाजू ८५ अंश फॅरनहाइटच्या आसपास, दुसरी सत्तरीत, म्हणजे तिला हवं तसं तिने सरकावं. पाण्याचं भांडं तिला अख्खी बसता येईल एवढं मोठं. आणि अंड्यांसाठी जागा. आमच्याकडे इंडियन ग्रोसरीतून येणारा पाच पौंडांचा दह्याचा डबा असतोच. तुम्ही त्याच्या कुशीत भोक पाडलंत, कडा मेणबत्तीवर गुळगुळीत केल्यात आणि आत ऑर्किडवाले वापरतात ते स्फॅग्नम मॉस भरलंत. ओल किती, तर मुठीत पिळलं की थेंब पडता कामा नये. मनासारखी जागा सापडली नाही तर मादी अंडी धरून ठेवते आणि तिथूनच भानगडी सुरू होतात, हे तुम्ही बजावून सांगितलंत. दुधाबद्दल आईला तुम्हीच फोनवर समजावलंत, नागपंचमीचा मान राखून. साप दूध पचवू शकत नाही, हे माझ्याकडून तिने कधीच ऐकून घेतलं नसतं.

मेच्या शेवटी तिने कात टाकली. अंड्यांआधीची कात ती हीच, यानंतर साधारण आठवडा ते दोन आठवडे, असं तुम्ही म्हणालात आणि पेटीवर चादर टाकायला लावलीत. मुलीला दिवसातून दोनदाच डोकवायची परवानगी. माझ्यासारख्या माणसाला हे जड गेलं. दर तासाला काहीतरी केल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि तुमच्या सूचनांतल्या निम्म्याहून अधिक काय करू नये याच्याच होत्या. पोट चाचपू नका, उचलू नका, डबा उघडू नका, आंघोळ घालू नका.

जूनमध्ये एका रात्री तिने डब्यात सात अंडी घातली आणि थांबली. सकाळी ती डब्याबाहेर होती, थकलेली, आणि शेपटीकडच्या भागात दोन फुगवटे स्पष्ट दिसत होते. मी तुम्हाला फोन केला तेव्हा साडेपाच वाजले होते. तुमच्या मुलाची झोप मोडली, त्यांचीही माफी. तुम्ही म्हणालात, बाहेरून ढकलायचा प्रयत्न कोणीही करू नका, आतली नळी फाटते. तिला शांत, उबदार ठेवा. दुसऱ्या सकाळपर्यंत वाट बघू. आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तुम्हीच म्हणालात, आता वाट बघणं संपलं. गावाकडे असता तर आणखी थांबला असतात, असंही म्हणालात, कारण तिथे सापावर उपचार करणारा डॉक्टर शोधण्यातच दिवस गेला असता. इथे आहे तर जायचं.

तुम्ही आणलेली उशीची जाड खोळ, तिला मारलेली ती गाठ, आणि ती मांडीवर धरून दवाखान्यात बसलेले तुम्ही. शेजारी सशाचा पिंजरा घेतलेली बाई दोन खुर्च्या पलीकडे सरकली होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं असतं, त्यात चुना कमी, तरी त्या दोघांच्या आकृती फिकट का होईना दिसल्या. त्यांनी कातडीखाली सलाइन दिलं, कॅल्शियम दिलं आणि काही तास उबेत ठेवलं. एक अंडं तिथेच बाहेर आलं. दुसऱ्यातलं द्रव्य त्यांनी पोटाकडून सुई घालून ओढून घेतलं. रिकामं कवच आक्रसलं आणि पुढच्या दिवसात आपोआप पडलं. पोट उघडावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाल्या की कोणी आधी दाबादाबी केली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होतात, जणू तो विषय तुमचा नव्हताच.

बाहेर आलेल्या आठ अंड्यांतली पाच पिवळट, मेणचट, लहान होती, ती वांझ. उरलेली तीन पांढरी, एकमेकांना चिकटलेली. ती सोडवायची नाहीत, उलटी-सुलटी करायची नाहीत, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची. ओल्या व्हर्मिक्युलाइटवर (कुंड्यांच्या मातीत घालतात ते ओल धरणारं खनिज), झाकणाच्या डब्यात, ८२ अंशांना. एका रात्री दिवे घालवून मुलीने मोबाइलचा टॉर्च खालून धरला आणि आत लाल शिरांचं जाळं दिसलं. त्या वेळी तुम्ही चक्क टाळी वाजवलीत. तीन महिन्यांत तुमचा तेवढाच आवाज झाला असेल.

मक्याला मात्र तुम्ही अंड्यांपेक्षा जास्त जपलंत, आणि हे मला विशेष सांगायचं आहे. बाकी सगळ्यांचं लक्ष पिल्लांकडे होतं. तुम्ही पेटीतलं अंथरूण पूर्ण बदलायला लावलंत, तिला कोमट पाण्यात हलकेच धुवायला सांगितलंत, कारण अंड्यांचा वास अंगावर असेपर्यंत काही माद्या खात नाहीत. मग अगदी छोटे उंदीर, थोड्या थोड्या दिवसांनी. वजन २३० वरून १६० वर आलं होतं, पाठीचा कणा दिसत होता. तुमचा व्हिसा संपून तुम्ही जुलैत सांगलीला परतलात, तरी दर रविवारी काट्यावरचा आकडा कळवायचा असा हुकूम सुटला होता. ऑक्टोबरात ती २५० झाली तेव्हा तुमचं उत्तर आलं: "ठीक."

पिल्लं ऑगस्टमध्ये बाहेर आली. तिसरं अंडं मधेच काळं पडलं. दोघांनी कवचाला चिरा पाडल्या आणि नाकं बाहेर काढून दिवसभर तशीच बसली. मी चिमटा घेऊन उभा होतो, ओढून काढावं का म्हणून. व्हिडिओ कॉलवर तुम्ही एवढंच म्हणालात, "चिमटा खाली ठेवा." आत राहिलेलं पिवळं बलक ती शोषून घेत असतात, ओढलं तर ते फाटतं. आठवड्याभराने पहिली कात टाकल्यावर दोघांनी खाल्लं. एक पिल्लू इथल्याच एका अनुभवी पाळणाऱ्याकडे गेलं. दुसरं अजून आमच्याकडे आहे, आणि माझ्या पत्नीने गॅरेजचा तह पुन्हा वाचून दाखवला आहे.

आता एक प्रश्न. यंदा नर नसतानाही ती पुन्हा अंड्यावर येऊ शकते, असं डॉक्टर म्हणाल्या. तिने शक्यतो अंड्यावर येऊच नये म्हणून हिवाळ्यात खोली गार पडू द्यायची नाही आणि खाणं आटोक्यात ठेवायचं, असं ठरवलंय. पण २५० ग्रॅमच्या मादीचं खाणं किती आटोक्यात ठेवायचं? मुलगी म्हणते कमी नको, मी म्हणतो थोडं कमी. तुमचा शब्द शेवटचा.

मार्चमध्ये तुम्ही येताय, असं सूनबाईंकडून कळलं. विमानतळावर मी येतो, मुलाला कामावरून सुट्टी घ्यायला लावू नका. बॅगेत जागा उरली तर सांगलीचं भडंग आणा, तिखट.

आपला,
मक्याच्या घरचा बाबा