साडेसात टक्के वीज ड्युटी शेवटी कोणाच्या खिशातनं जाते?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

परवा चहाच्या गाड्यावर आमच्या ओळखीचे एक मास्तर म्हणाले, कारखानदारांवर कर लावला तर लावू देत की, आपल्याला काय त्याचं. मी शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री (लोखंड ओतकामाचा कारखाना) चालवतो, त्यामुळं उत्तर ओठावर आलं होतं पण तेवढ्यात त्यांची बस आली, म्हणून राहिलेलं इथं लिहितोय.

आमच्याकडं लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टी असते, ती विजेवर चालते, म्हणजे आमच्या दृष्टीनं वीज हा कच्चा मालच. आता पिग आयर्न (कच्चं लोखंड) घेतलं, स्क्रॅप घेतलं तर त्यावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम आम्ही भरायच्या जीएसटीतनं वजा होते. पण वीजबिलावर राज्य सरकार जी ड्युटी लावतं तिचं क्रेडिट कुठंच मिळत नाही कारण ती जीएसटीच्या बाहेर आहे. 2020 च्या बजेटमध्ये उद्योगांसाठी ती 9.3 वरून 7.5 टक्के केली, चांगलं केलं, नाही म्हणत नाही. पण ती टक्केवारीनं लागते, त्यामुळं विजेचा दर वाढला की कुणी काही जाहीर न करता ड्युटीही आपोआप वाढते.

समजा महिन्याचं बिल ड्युटी सोडून 10 लाख आलं. ड्युटी झाली 75 हजार. हे 75 हजार कास्टिंगच्या (ओतलेल्या मालाच्या) किमतीत बसले आणि त्या किमतीवर 18 टक्के जीएसटी लागला, म्हणजे करावर आणखी 13,500 कर! आमचं कास्टिंग घेऊन पंप बनवणाऱ्याला तो जीएसटी परत मिळतो पण आमचे 75 हजार त्याच्या किमतीत तसेच चिकटून राहतात आणि पंप विकताना त्यावर परत जीएसटी. शेवटी विहिरीवर मोटर बसवणारा माणूस हे सगळं भरतो, त्याला कसलं क्रेडिट. मास्तरांनी याच उन्हाळ्यात रानात नवी मोटर टाकलीय.

मुंबईला माल पाठवायचो तेव्हा जकात नाक्यावर ट्रक उभे असायचे, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, ते संपलं आणि करावर कर पण संपला असं सगळ्यांना वाटलं. वीज आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर मागं राहिलं ना पण. डिझेलवर आपल्याकडं 21 टक्के व्हॅट. आमच्या गाडीवाल्यांची सवय काय तर कागल ओलांडून निपाणीकडं टाकी फुल करायची, तो पैसा जातो कर्नाटकच्या तिजोरीत (तिकडंही 2024 आणि 25 मध्ये कर वाढवला म्हणा, आता पूर्वीइतका फरक राहिला नाही).

आणि दरवेळी ग्राहकच भरतो असंही नाही हो. मोठ्या कंपन्या कच्च्या मालाचा फरक देतात, लोखंड महागलं तर रेट सुधारून मिळतो, पण वीज महागली म्हटलं की परचेसवाला म्हणतो ते तुमचं तुम्ही बघा. मग ते आमच्या मार्जिनमधनं जातं, नाहीतर पोरांची पगारवाढ पुढं ढकलली जाते. कर्नाटकात जायची भाषा आमच्याकडं अधनंमधनं होतेच, मला स्वतःला नाही वाटत फार जण जातील, पॅटर्नवाले (साच्याचे नमुने करणारे), मोल्डर (साचे भरणारे), मशीन शॉप सगळं इथंच आहे, कुठं जाणार.

मागास भागात नवीन कारखाना टाकला तर प्रोत्साहन योजनेत सरकार ड्युटी माफ करतं, म्हणजे मनात आणलं तर जमतं. माफी नको आम्हाला. निदान लघुउद्योगांनी भरलेली ड्युटी राज्याच्या वाट्याच्या जीएसटीतनं वळती करून द्या, एवढंच मागणं आहे, आणि पुढच्या बजेटच्या आधी आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा.

आपला,
एक फौंड्रीवाला, कोल्हापूर