गाडी चालू झाली म्हणजे नीट झाली असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लांबच्या मोटरसायकल प्रवासाची तयारी या विषयावर अधूनमधून लेख येतात. सामान कसं बांधावं, पावसात काय घालावं, दिवसाला किती अंतर कापावं, हे सगळं मी आवडीने वाचते. पण वाटेत गाडी पडली तर पुढे काय, यावर मला आजवर एक परिच्छेदही सापडला नाही. पडणं कुणालाच नको असतं म्हणून तो विषय टाळला जात असेल. मी मात्र या वर्षी पडले, आणि पडण्यापेक्षा त्यानंतरच्या दुरुस्तीने मला जास्त घाबरवलं. म्हणून हे पत्र.

मी बावीस वर्षं मोटरसायकल चालवते. या प्रवासाचा तो अकरावा दिवस होता. धाकटा भाऊ त्याच्या गाडीवर मागे होता. एका डाव्या वळणावर बारीक खडी पसरलेली होती, वेग ताशी तीस-पस्तीसच असेल, पण पुढचं चाक सुटलं आणि मी गाडीसकट डाव्या कुशीवर घसरत गेले. उठल्या उठल्या मी गाडी उचलायला धावले. भाऊ ओरडला, "ताई, आधी बाजूला येऊन बस. गाडी कुठे जात नाही." तो म्हणाला म्हणून बसले. मला काही लागलेलंच नाही असं मी त्याला ठासून सांगत होते, आणि दहा मिनिटांत मनगट टम्म सुजलं. धक्क्याच्या भरात दुखणं कळतच नाही. हेल्मेटवर कानाच्या वर खरचटल्याची मोठी खूण होती. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून वरून धड दिसणारं ते हेल्मेट मी पुढच्या मुक्कामावर बदललं.

गाडी उभी केली तर चालूच होईना. स्टार्टर फिरत होता, इंजिन पेटत नव्हतं. आता आपण अडकलो, असं दोघांनाही वाटलं. नंतर आठवलं की फ्युएल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत गाडी आडवी झाली की पेट्रोल तोडणारा सेन्सर असतो, आणि चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो सोडत नाही. चावी फिरवली, गाडी लागली. आमचा जीव भांड्यात पडला, आणि चूक नेमकी तिथेच सुरू झाली. गाडी चालू झाल्याच्या आनंदात तिच्याकडे बारकाईने बघायचं राहून गेलं.

जे मोडलेलं दिसत होतं ते आम्ही दुरुस्त केलं. क्लचचा लिव्हर मधोमध तुटला होता. तुटलेली कड मी बराच वेळ हातात धरून बघत होते, करडी आणि रवाळ, खडीसाखर फोडल्यासारखी. ओतीव ॲल्युमिनियम असंच काडकन तुटतं, आणि वाकलं असलं तरी थंड असताना सरळ करायला गेलं की बहुधा हातात येतं. जादा लिव्हर बरोबर होता म्हणून निभावलं. गिअरचा लिव्हर आत वाकून इंजिनच्या कव्हरला टेकला होता. तो लोखंडी, सरळ होणारा, पण जागेवर ठेवून ठोकला तर सगळा मार आतल्या शाफ्टवर आणि तिथल्या ऑइल सीलवर जातो. भावाने तो काढून घेतला, एका दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने सरळ केला आणि पुन्हा बसवला. लोंबणारा इंडिकेटर चिकटपट्टीने बांधला. ऑइल किंवा पेट्रोल कुठे ठिबकत नव्हतं.

हँडल मात्र वाकडं दिसत होतं. चाक सरळ ठेवलं की हँडल डावीकडे वळलेलं. पुढच्या गावातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी चाक दोन गुडघ्यांत धरलं, हँडलला एक हिसका दिला, दिसेल ते बोल्ट आवळले आणि म्हणाले, "झालं, निघा." दहा मिनिटंही लागली नाहीत. आम्ही निघालो. त्या माणसाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. दिवसभरात त्याच्याकडे पन्नास गाड्या येत असतील, आणि गाडी चालते की नाही एवढंच सगळे विचारत असतील. मीही तेवढंच विचारलं.

पुढचे दोन दिवस उजवा खांदा भरून येत होता. मी तो पडल्याचा परिणाम समजत होते. तिसऱ्या संध्याकाळी लक्षात आलं की सरळ रस्त्यावरही मी हँडल सतत किंचित एका बाजूला धरून ठेवते आहे. पुढचं चाक धरणारे दोन उभे पाईप म्हणजे फोर्क, आणि ते पाईप वर-खाली आवळून धरणारे दोन आडवे तुकडे म्हणजे क्लॅम्प. भावाने त्याचा टॅबलेट-कॉम्प्युटर काढला, खालच्या क्लॅम्पच्या खाली फोर्कच्या दोन्ही पाईपांवर पुढून आडवा टेकवला आणि एका कोपऱ्याला बोट लावलं. टॅबलेट डुगडुगला. पाईप एका पातळीत असते तर तो सपाट बसला असता. म्हणजे फोर्क क्लॅम्पमध्ये पिळलेला होता, आणि आवळलेल्या बोल्टांनी तो पीळ तसाच धरून ठेवला होता. पाईप वाकले असते तर बदलावेच लागले असते. हे पिळणं मात्र पान्याने सुटतं, फक्त आधी सोडावं लागतं, मग आवळायचं.

गाडी मेन स्टँडवर घेतली. पुढच्या ॲक्सलचे, म्हणजे चाकाच्या कण्याचे, चिमटा-बोल्ट, मडगार्डचे बोल्ट, मग खालच्या आणि वरच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे थोडे ढिले केले. पूर्ण सोडायचे नाहीत, नाहीतर पाईप क्लॅम्पमधून सरकतात. हँडल सरळ केलं, गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक दाबून धरला आणि फोर्क पाच-सहा वेळा खालीवर दाबला. दोन्ही पाईप आपोआप आपल्या जागी आले. टॅबलेट सपाट बसला. मग बोल्ट आवळत आलो.

आणि खालच्या क्लॅम्पशी विजेरी धरल्यावर ती ब्रेकची नळी दिसली. पडताना हँडल पूर्ण एका बाजूला वळलं, तेव्हा पुढच्या ब्रेकची रबरी नळी क्लॅम्प आणि चेसिसच्या मध्ये चिमटली होती. बोटाच्या पेराएवढ्या जागेत वरचं काळं रबर सोललं होतं आणि आतली विणलेली जाळी उघडी पडली होती. ऑइल बाहेर आलं नव्हतं, लिव्हर हाताला घट्ट लागत होता. त्याच नळीच्या भरवशावर मी दोन दिवस घाट उतरले होते. ती जाळी बघून भाऊ कितीतरी वेळ काही बोलला नाही. त्याच रात्री आम्ही ठरवलं की नवी नळी येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. प्रवासाचे दोन दिवस गेले. नवी नळी, दोन्ही टोकांना नवे तांब्याचे वॉशर, नवं ब्रेक ऑइल, आणि हवा पूर्ण निघेपर्यंत ब्लीडिंग. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून नळी कुठे ताणते का, घासते का, हे मी स्वतः पाहिलं.

आता माझी तक्रार. माझ्या गाडीबरोबर आलेल्या पान्यांच्या पिशवीत पुढच्या ॲक्सलला लागेल असा एकही पाना नाही. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत टायरची हवा आहे, ऑइलचं माप आहे, पण फोर्क क्लॅम्पचे किंवा ब्रेक कॅलिपरचे बोल्ट किती न्यूटन-मीटरला (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळायचे ते नाही. ॲल्युमिनियममधले आटे जास्त जोर दिला की निकामी होतात आणि कमी दिला की बोल्ट ढिला होतो, तरी तो आकडा वर्कशॉपच्या जाड पुस्तकातच राहतो. रस्त्यावर बसलेल्या माणसाला त्या चार-पाच आकड्यांचीच गरज असते. गाड्या बनवणाऱ्यांनी ते पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापावेत. आणि पडलेली गाडी हातात घेणाऱ्या गॅरेजने काय तपासलं ते कागदावर लिहून द्यावं: फोर्क, चाकाचा आऊट (फिरताना चाक डुलतं का), ब्रेकची डिस्क, नळ्या, हँडलच्या मुळाशी चेसिसच्या जोडावर रंगाला गेलेली केसासारखी चीर. न तपासलेलं असेल तर तसं लिहावं. म्हणजे पुढचं आपल्याला बघता येतं.

आपल्या पुरवणीत या विषयावर जाणकार मेकॅनिककडून एक सविस्तर लेख लिहून घ्यावा, ही माझी मनापासून विनंती. जागा कमी असेल तर हे पत्रही कापून छापा, फक्त फोर्कवर टेकवलेल्या टॅबलेटचा आणि सोललेल्या नळीचा भाग तेवढा कापू नका.

आपली,
एक नियमित वाचक