शैवाल कक्ष वापरणाऱ्या सर्वांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,
कोल्हापुरात पावसाने दोन दिवस वीज ये-जा करतेय. सकाळी जो पहिला येईल त्याने आधी दिव्यांचा टायमर बघावा, मग हवेचा पंप. पंप थांबला की क्लोरेला (एकपेशीय हिरवं शैवाल) तळाशी बसतं. काल एका फ्लास्कच्या बुडाला हिरवा गाळ होता आणि वर नितळ पाणी. असं दिसलं तर हलक्या हाताने हलवा.

स्पिरुलिना या नीलहरित शैवालाच्या माध्यमाचा (वाढीच्या द्रावणाचा) सामू (pH) ९ ते १०, म्हणजे बराच अल्कधर्मी, तिथे इतर जीव सहसा तग धरत नाहीत. क्लोरेलाला हे कवच नाही. म्हणून कळकळीची विनंती, रंकाळा तलावाच्या पाण्याचे नमुने क्लोरेलाच्या टेबलावर अजिबात उघडू नका. थेंबभर पाण्यातले सूक्ष्म प्राणी अख्खा फ्लास्क फस्त करतात, महिन्याची मेहनत जाते.

पेशींची मोजणी शनिवारी दुपारी ३ वाजता.