पुण्याची लस गडचिरोलीला का नाही?

मा. संपादक,

‘मलेरियाची लस पुण्यात बनते, जाते आफ्रिकेला आणि गडचिरोली वाऱ्यावर’ असा सूर हल्ली वाचकांच्या पत्रांत दिसतो. राग समजू शकतो. पण ही लस परजीवीला नेमकी कुठे गाठते, हे कुणी सांगत नाही.

ऑक्सफर्ड आणि सीरम इन्स्टिट्यूटच्या आर२१ लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. तिचा रोख एकाच प्रथिनावर आहे. डास चावताना फाल्सिपेरम या जातीच्या मलेरिया परजीवीचे जे स्पोरोझोइट (डासातून येणारे त्याचे रूप) कातडीत उतरतात, त्यांच्या अंगावरचे हे प्रथिन. ते असतात मोजकेच, पण काही तासांत यकृत गाठतात. अँटिबॉडींनी त्यांना तेवढ्यातच अडवायचे. एखादा जरी निसटला, तरी आठवडाभरात हजारो परजीवी रक्तात उतरतात आणि त्यांच्या अंगावर ते प्रथिन नसतेच! अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरतात, म्हणून तीन डोसनंतर वर्षाने चौथा. तरीही, जिथे मलेरिया हंगामी आहे आणि डोस हंगामाआधी दिले गेले, तिथे पहिल्या वर्षी सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाले. आफ्रिकेत मलेरियाने जीव जातो तो मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांचा. लस आधी तिकडे गेली यात अन्याय कसला?

मग रक्तातल्या परजीवीवरच लस का नाही? गॅम्बियात १९६१ मध्ये, मलेरिया पचवलेल्या प्रौढांच्या अँटिबॉडी आजारी मुलांना टोचल्यावर परजीवी झपाट्याने घटले होते. म्हणजे वाट आहे. पण एएमए-१ या प्रथिनाची लस मालीत तपासली, तर ती लसीतल्या नमुन्याशी जुळणाऱ्या परजीवींपुरतीच चालली. लागण झालेल्या लाल पेशीवर दिसणारे परजीवीचे पीएफईएमपी-१ हे प्रथिन तर साठेक जनुकांतून आलटूनपालटून रूप बदलते. सध्या भिस्त आहे ती फारसे न बदलणाऱ्या आरएच-५ या प्रथिनावर.

आता आपल्याकडचे. मी सरकारी प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा तपासत निवृत्त झालो. पेशी फुगलेली आणि आत बारीक गुलाबी ठिपके, की व्हायव्हॅक्स, म्हणजे मलेरिया परजीवीची दुसरी जात. पेशी नेहमीएवढीच, पण तिच्यात दोन-दोन नाजूक अंगठ्या, की फाल्सिपेरम समजायचा. मुंबईत पूर्वापार जोर व्हायव्हॅक्सचा, आणि त्यावर आर२१ चा काहीच उपयोग नाही. व्हायव्हॅक्स यकृतात महिनोन्महिने दबा धरून बसतो. त्यासाठी प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. पण तिसऱ्या दिवशी ताप उतरला की पुडी कोनाड्यात जाते, हे कोणतीही आशाताई सांगेल.

गडचिरोलीत फाल्सिपेरम जास्त, तेव्हा तिथला प्रश्न रास्तच आहे. मात्र तिथे तापाने फणफणतात ते जंगलात जाणारे मोठेही, आणि आर२१ ची मोठी चाचणी झाली ती ५ ते ३६ महिन्यांच्या मुलांवर. म्हणून मागणी करायची तर ‘आमची लस आम्हाला द्या’ अशी नको, तिथल्या वयोगटांत चाचणी करा अशी हवी. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची अॅडफाल्सिव्हॅक्स ही लस परजीवीच्या जीवनचक्रातल्या दोन टप्प्यांतली प्रथिने एकत्र घेते, पण तीही फाल्सिपेरमचीच. व्हायव्हॅक्ससाठी काय चालले आहे, हेही आरोग्यमंत्र्यांना विचारायला हवे.

आपल्यालाही एक विनंती. ‘मलेरियाची लस आली’ एवढ्यावर बातमी संपवू नका. कोणत्या परजीवीवर, कोणत्या वयाला आणि किती काळ, एवढी एक ओळ जास्त छापा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर