'खाणाऱ्या'ची नावेची बाजू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बेटिंग एक्स्चेंजची नवख्यांना ओळख करून देणारा लेख वाचला. इथे बुकी नसतो, माणूस माणसाशी पैज लावतो, एक्स्चेंज फक्त गाठ घालून देतं आणि जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्यातून साधारण २ ते ५ टक्के कमिशन घेतं, इथवर लेख चोख आहे. पण 'लगाई'ला तीन परिच्छेद आणि 'खाई' एका वाक्यात उरकलेली! माझा उभा जन्म हिशेब तपासण्यात गेला. नावेची, म्हणजे देण्याची, बाजू कोरी दिसली की राहवत नाही.

'बॅक' किंवा लगाई म्हणजे अमुक जिंकेल म्हणून पैसे लावणं. 'ले' किंवा खाई म्हणजे तो जिंकणार नाही असं धरून समोरच्याची पैज खाणं. खाणारा तेवढ्यापुरता स्वतःच बुकी होतो. पैज १० ची आणि भाव १३ चा (म्हणजे जिंकल्यास मूळ पैजेसकट तेरापट परत) असेल, तर लावणाऱ्याचे फार तर १० जातील. खाणाऱ्याचे मात्र १२०. भावातून एक वजा करायचा आणि पैजेच्या रकमेने गुणायचं, इतकंच गणित.

शिक्षणासाठी परदेशी असलेल्या माझ्या पुतण्याला ते जमलं नाही, आणि तो कॉमर्सचा विद्यार्थी, बरं का. टेनिसचा सामना चालू, एक खेळाडू दोन सेट मागे, भाव १३. 'हा कसला आता उठतोय,' म्हणून त्याने गुलाबी रकान्यावर बोट टेकवलं. (बेटफेअर या एक्स्चेंजवर निळा रकाना लावायचा, गुलाबी खायचा.) खाली 'लायबिलिटी १२०', म्हणजे हरल्यास द्यायची रक्कम, असं आलं, ते याला बक्षीस वाटलं! तो खेळाडू उठला, पाचव्या सेटमध्ये जिंकलाही. हरला असता तर पुतण्याच्या पदरात पडले असते ५ टक्के कमिशन जाऊन साडेनऊ.

ही १२० ची रक्कम एक्स्चेंज आधीच अडकवून ठेवतं, त्यामुळे खातं उणे होत नाही. ही अडवणूक फसली की काय होतं, ते २८ डिसेंबर २०११ ला आयर्लंडमधल्या लेपर्ड्सटाउनच्या शर्यतीत दिसलं. घोडी उघड उघड जिंकत होती आणि बेटफेअरवर कुणाचा तरी संगणकी प्रोग्राम २९ च्या भावाने २ कोटी १० लाख पौंडांच्या पैजा खायला तयार बसला होता. म्हणजे जवळपास ६० कोटी पौंडांचं देणं! एवढे पैसे त्या खात्यात असणं शक्यच नव्हतं. शर्यत सुरू झाल्यानंतरच्या सगळ्या पैजा शेवटी रद्द कराव्या लागल्या.

यातून लेखातलं दुसरं विधानही डळमळतं. 'माणूस माणसाशी' हे कागदावर ठीक. प्रत्यक्षात नवख्याच्या समोर बरेचदा असाच एखादा प्रोग्राम असतो, आणि टीव्हीवरचं चित्र मैदानाच्या काही सेकंद मागे असतं, म्हणजे मैदानावरच्याला घडलेलं आधी कळतं. म्हणूनच चालू सामन्यात एक्स्चेंज पैज लगेच लावून घेत नाही, काही क्षण रोखून धरतं.

'जिंकणाऱ्याला इथे कुणी हाकलत नाही' हे लेखातलं वाक्य खरं. पण २००० साली सुरू झालेल्या बेटफेअरनेच २००८ मध्ये सातत्याने जिंकणाऱ्या थोड्या खात्यांवर जादा आकार बसवला आणि २०११ मध्ये त्याची वरची पायरी नफ्याच्या ६० टक्क्यांवर नेली होती. लेखात याचा मागमूस नाही.

पुढच्या भागात लेखकांनी एक छोटा तक्ता छापावा, ही विनंती. १० ची पैज खाल्ली तर भाव २ असताना जोखीम १०, भाव ५ असताना ४०, भाव १३ असताना १२०. आणि तिन्ही ओळींत मिळकत तीच, साडेनऊ.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक